मामांच्या तळ्याच्या शोधात: एक जुना नकाशा, एक उलटा फोटो आणि न बोलणारी भावंडं

ही सहल ठरली ती माझ्या बायकोच्या, म्हणजे सुजाताच्या, एका वाक्यावर. "तुझ्या त्या नकाशांचा आयुष्यात एकदा तरी कुणाला उपयोग होऊ दे!"

मला जुने नकाशे आणि विमानातून काढलेले जुने फोटो जमवायचा नाद आहे. खारघरच्या आमच्या घरात कपड्यांच्या कपाटाचा एक अख्खा खण त्यांनी अडवलाय. आपली इमारत उभी आहे तिथे पूर्वी भातशेती होती, हे मी पाहुण्यांना पुराव्यानिशी दाखवतो. पाहुणे चहा लवकर संपवतात.

या वेळी मात्र प्रकरण गंभीर होतं. माझे सासरे (मी त्यांना मामा म्हणतो) आणि त्यांची धाकटी बहीण यशोदाआत्या एकमेकांशी बोलत नव्हते. कारण, तळं. दोन वर्षांपूर्वी एका हळदीत मामांनी माइक हातात घेऊन सांगितलं, की आठ वर्षांचे असताना गावच्या अथांग तळ्यात उडी मारून त्यांनी आत्यांची बकरी वाचवली होती. आत्यांनी माइक काढून घेतला आणि म्हणाल्या, "गुडघाभर पानी व्हतं. म्हशी बसायच्या त्यात." मांडव हसून हसून लोळला. मामा न जेवता घरी गेले.

आता आत्यांच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. नवरीला मांडवात आणायचं ते तिच्या मामानं, आणि मामा म्हणत होते, "मी नाय जानार. गुडघाभर पान्यातल्या मानसाला कशाला बोलवता?"

गाव नवीन वसाहतीत गेलं, तळं बुजलं, त्यामुळे खरंखोटं करायची सोय नाही. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दोन्हीकडचे नातेवाईक कमेंटमध्ये भांडतील.) पण माझ्याकडे त्या भागाचा जुना नकाशा होता आणि एका निवृत्त सर्वेअरकाकांनी दिलेला, विमानातून काढलेला काळा-पांढरा फोटोही होता. रविवारी दोघांना जागेवर न्यायचं आणि निकाल लावायचा, असं ठरलं.

सकाळी आठला नवीन पनवेलहून मामांना घेतलं, मग जुन्या पनवेलमधून आत्यांना. मामा पुढे, आत्या मागे.

"जावायबापू, त्यांना सांगा, काच वर करा. केस उडतात माझे."

"मामा, आत्या म्हणतायत..."

"ऐकलं मी. तिला सांगा, वारा चांगला हाय."

मी मधल्या मधे एसी लावला. दोघांनाही थंडी वाजली, पण निदान एका गोष्टीवर एकमत झालं.

नाश्ता जुन्या पनवेलच्या बाजारात केला. मिसळ झणझणीत, पाव ताजे, तिघांचं चहासकट तीनशेच्या आत उरकलं. गाडी मात्र बाजाराबाहेरच लावा. आत नेलीत तर ती बाहेर काढेपर्यंत मिसळ पचेल. तिथून उरणच्या रस्त्याला लागलो. रविवार असला तरी न्हावा शेव्याचे कंटेनर चालूच असतात. त्यांच्या मागे अडकायचं नसेल तर नऊच्या आत निघा. आम्ही सव्वानऊला निघालो आणि एका ट्रकच्या मागचं "फिर मिलेंगे" पाऊण तास वाचत राहिलो.

फोटोत मला खाडीचं वळण आणि त्याच्या शेजारी एक गोल टेकडी दिसत होती. त्या अंदाजानं मी गाडी एका रोपवाटिकेच्या मागे नेली. मामा उतरले, खाली वाकले, चिमूटभर माती नाकाशी नेली आणि डोळे मिटून म्हणाले, "हीच. वास वळखला मी."

मला भरून आलं. आत्यांनी मात्र माझ्या हातातला फोटो ओढून घेतला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "जावायबापू, आमच्या गावात टेकडी कवा व्हती?"

त्यांनी फोटो फिरवला. झटक्यात टेकडीचा खड्डा झाला. हा या फोटोंचा जुना चावटपणा आहे: उलटा धरला की सावल्या फसवतात आणि खोलगट भाग उंच दिसतो. इतकी वर्षं लोकांना हे व्याख्यान देणारा मी, फोटो उलटा धरून तीन किलोमीटर भलत्या दिशेला आलो होतो. माझी टेकडी म्हणजेच मामांचं तळं!

"मातीचा वास वळखला म्हनं," आत्या झाडांच्या कुंड्यांना म्हणाल्या. मामांनी चिमूट हळूच पॅन्टला पुसली.

फोटो सरळ धरून परत फिरलो. गावदेवीचं देऊळ सापडलं, ते जागचं हललेलं नव्हतं. फोटोत तळं देवळाच्या पश्चिमेला, म्हणून आम्ही पश्चिमेला चालत गेलो. तिथे चौदा मजल्यांची सोसायटी उभी. नावात "लेक" होतं. लेक नव्हतं.

"कुणाकडे जायचंय?" वॉचमननं वही पुढे केली.

"तल्यात," मामा म्हणाले.

"कुठल्या विंगला?"

मी त्याला फोटो दाखवला, सगळी हकिगत सांगितली. तो मन लावून ऐकत होता. मग त्यानं वहीत फ्लॅट नंबरच्या रकान्यात एक रेघ मारली, कामाच्या रकान्यात "तळे" असं लिहिलं आणि आम्हाला आत सोडलं.

तळं आता पार्किंग होतं. दोघं भावंडं पांढऱ्या पट्ट्यांवर उभी राहिली. मी एका गाडीच्या बॉनेटवर फोटो पसरला आणि भिंग दिलं. आत्या खाली वाकल्या. "हे आमचं घर! हा पेंढा. ही काशीची विहीर."

"काशीची नाय ती," मामांनी मधे मान घातली. "काशीची इकडं. हा गोठा."

"गोठा मागं व्हता, दादा!"

"पुढं व्हता, यशे! तुला शेन काढाया सांगायचे, तू पळायचीस. तुला काय म्हाइत!"

दोन वर्षांत ते एकमेकांशी पहिल्यांदा बोलत होते.  मग मामा ताठ झाले आणि माझ्याकडे वळले. "जावई, आता सांगा. पानी किती खोल व्हतं?"

 पेट्रोल जाळून, कंटेनरच्या मागे पाऊण तास घालवून इथवर आल्यावर एवढी साधी गोष्ट आत्ता माझ्या लक्षात आली होती.

"मामा... फोटोत खोली नाही दिसत. फक्त लांबी-रुंदी."

 कुणाची तरी स्कूटर तळ्यातून निघून गेली.

मामा गाडीकडे चालू लागले. त्यांचे खांदे मला बघवेनात. तेवढ्यात आत्या मोठ्यानं म्हणाल्या, "दादा, तुला पवता येत व्हतं काय तवा?"

मामा थांबले. "नाय."

"पानी गुडघाभर हाय, हे म्हाइत व्हतं?"

"मला कसं म्हाइत असनार? आय म्हनायची, बुडशील. आपन दोघं कदी उतरलोच नव्हतो."

"मंग?" आत्या त्यांच्या मागोमाग गेल्या. "बुडनार असं वाटत असून उडी मारलीस ना माझ्या बकरीसाठी? मी त्या माइकवर हे नाय बोलले. बोलायला पायजे व्हतं."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पन गुडघाभर नव्हतं. कमरेपर्यंत व्हतं."

"गुडघा."

"कंबर."

शेवटी मांडीवर तोडगा निघाला. वॉचमनला साक्षीदार केलं. परतीच्या वाटेवर मामा आपणहून मागे बसले. काच कुणी वर केली ते मला कळलं नाही, मी पुढे एकटाच ड्रायव्हर होतो.

लग्न मागच्या आठवड्यात झालं. मामांनी भाचीला मांडवात आणलं, तेही इतक्या सावकाश, की भटजी मुहूर्ताच्या काळजीनं दोनदा उठून बघून आले.

फोटोची एक प्रत मी आत्यांकडे ठेवली होती. काल त्यांच्याकडे गेलो तर ती दिवाणखान्यात फ्रेममध्ये. बॉलपेननं गिचमिड केलेली. माझ्या कपाटातल्या कुठल्याही नकाशाला मी पेन लावू देत नाही, त्यामुळे आधी रागच आला. मग जवळ जाऊन वाचलं. "इथं विंचू चावला." "म्हैस इथं व्याली." "बाबांची खाट." एका ठिपक्याशी नुसतंच "आय".

तळ्याच्या काठापासून एक बाण निघाला होता. शेजारी आत्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "दादाची उडी". बाण थेट तळ्याच्या मध्यापर्यंत गेलेला. खिशातली पट्टी काढून मोजणार होतो. मग पट्टी परत खिशात ठेवली.