न ओळखलेली खिरापत

त्या आश्विनातलं सगळं मला अजूनही धुक्यातून दिसल्यासारखं आठवतं. बाजारहत्नूरजवळच्या आमच्या गावात कापसाची बोंडं फुटली होती, संध्याकाळी शिवार पांढरं होऊन तरंगायचं. तिथंच काढलेला माझा एक फोटो मी स्टेटसला ठेवला होता. कुणीतरी त्यातला माझा चेहरा उचलून दुसऱ्याच कुणाच्या उघड्या अंगावर चिकटवला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला.

हे केलं कुणी, असं एकानंही विचारलं नाही. सगळे मलाच विचारायचे, "फोटो ठेवलाच काऊन?" चोर सोडून संन्याशाला फाशी! तो बनावट फोटो पुढे पाठवताना मात्र कुणाचं बोट अडखळलं नाही. शेजारच्या काकू तर बाबांना सांगून गेल्या, "पोरीच्या हाती फोन देला का असंच होते." बाबांनी फोन कपाटात टाकला, माझं कॉलेज बंद केलं. दिवाळीनंतर लग्नाचं पाहू, म्हणाले. मला आदिलाबादला जाणारी सकाळची बस स्वप्नात दिसायची. ती थांबायची, पण मला चढता यायचं नाही.

भुलाबाईचे दिवस होते ते. रोज संध्याकाळी एकेका घरी बाया-पोरी जमायच्या, मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणायच्या आणि शेवटी बंद डबा हलवून आतली खिरापत ओळखायच्या. आमची पाळी आली तेव्हा कुणी येईल असं वाटत नव्हतं. सगळ्या आल्या. मला बघायलाच आल्या असतील. अंगणात चांदणं होतं, गाणी कुठून तरी दुरून आल्यासारखी वाटत होती.

आईनं डबा पुढे केला. तो या हातातून त्या हातात खडखडत फिरला.

"चिक्की!"

"करंजी!"

"सुकं खोबरं!"

आई नुसती मान हलवत होती. शेवटी काकूच म्हणाल्या, "हारलो बाई, उघड."

आत माझा फोन होता.

"डब्यात काय हाय थे तुमाले हाती घेऊन सांगता आलं नाही," आई म्हणाली, "अन् माह्या पोरीचं सगळं घरी बसून सांगता आलं?" तिनं फोन माझ्या हातात दिला आणि ओसरीवरच्या बाबांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्या कॉलेजले जाय."

बाबा ओसरीवरून उठून आत गेले. आईनं मग गूळ-फुटाणे वाटले. काकूंनी ते घेतले, आणि फाटकापाशी जाऊन म्हणाल्याच, "मायनंच लाडावून ठेवली." मला चक्क हसू आलं.

सकाळची बस कापसाच्या शिवारातून निघाली. मी खिडकीशी बसले आणि शिवारातला माझा तोच फोटो पुन्हा स्टेटसला ठेवला.