गॅलरीतली शिकवणी

चहा मला कागदी कपात आला. आत हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांना कपबशा. मी बाहेर गॅलरीत, चपलांच्या रॅकशेजारी, प्लॅस्टिकच्या स्टुलावर. मांडीवर लॅपटॉप. घर आमच्या ऑफिसातल्या साहेबांचं. त्यांच्या आई स्वतः चहा घेऊन आल्या आणि कप त्यांनी खाली फरशीवर ठेवला. हातात नाही दिला. म्हणाल्या, "तुमी हितंच बसा बाई. हवा चांगली येती."

माझं आडनाव त्यांनी दारातच विचारून घेतलं होतं.

मी टेक्निकल रायटर आहे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगची मशीनं बनतात, त्यांची मॅन्युअलं मी लिहिते. मशीन चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, बोट कुठं घालायचं नाही. लग्नाच्या आधीपासून हेच काम. मग कंपनीनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं. आता अख्खं मॅन्युअल सलग लिहायचं नाही. छोटे छोटे तुकडे लिहून ठेवायचे आणि जसं मशीन असेल तसे ते जोडायचे. ज्याला हे जमेल तो टिकेल. असं कुणी तोंडानं बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं.

पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं ते एकट्या साहेबांना. परत आल्यावर ते म्हणाले, "ऑफिसात वेळ कुठंय? रविवारी माझ्या घरी या, शिकवतो." सगळ्यांनी आभार मानले. मी जरा जास्तच मानले.

पहिल्या रविवारी मला वाटलं, आत खुर्च्या कमी पडल्या असतील. माणूस स्वतःची किती समजूत घालतो. दुसऱ्या रविवारी मनीषाच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. त्यावर तिनं पर्स ठेवली होती. देवघर हॉलमध्येच, त्या खुर्चीच्या मागं. तेव्हा मला समजलं.

मनीषा माझी मैत्रीण. देवगाव रंगारीच्या बागायतदाराची लेक. ऑफिसात आम्ही एकमेकींच्या डब्यात हात घालून जेवायचो. तिचा मुलगा दवाखान्यात होता तेव्हा तिची मॅन्युअलं मी पुरी केली. तिनं आभार मानले नाहीत, आणि मला त्याचं बरंच वाटलं. मैत्रीत कोण आभार मानतं?

गॅलरी आणि हॉलच्या मध्ये काचेचं सरकतं दार. साहेब टीव्हीवर सॉफ्टवेअर दाखवायचे. ऊन काचेवर पडायचं. टीव्हीवरचं काही दिसायच्या आधी काचेत मीच मला दिसायचे, मान लांब करून बघणारी बाई. एकदा विचारलं, "सर, तो मेनू परत दाखवता का?" साहेब म्हणाले, "मनीषा दाखवेल उद्या." आणि पुढं गेले.

आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव पैठणला गोदावरीत सोडले. मागं वळून बघितलं नाही, असं आई सांगते. त्यांची नात मी, आणि दर रविवारी दुसऱ्याच्या देवघरापासून किती लांब बसायचं ते गुमान ऐकत होते. कशासाठी? शिकायचं होतं. शिकल्याशिवाय पोट नाही आणि शिकायला जावं तर ही गॅलरी.

तिसऱ्या रविवारी उकाडा फार होता. साहेबांनी एसी लावला. मनीषा उठली आणि तिनं दार ओढून घेतलं. माझ्या तोंडावर. ती माझ्याकडं बघून हसलीही, नेहमीसारखी.

आवाज बंद झाला. आत साहेबांचे ओठ हलत होते, बाकीचे माना डोलवत होते. मी तशीच बसून राहिले. रडू आलं नाही, ते नंतर आलं.

मी उठले, दार उघडलं, आत गेले. मनीषाची पर्स उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि खुर्चीत बसले. साहेबांच्या आई पदर सावरत मागं सरकल्या. साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, आईंचं वय बघा. ऑफिसात आपण मानतो का काही?"

"मग ऑफिसात शिकवा," मी म्हणाले.

"मी माझा रविवार देतोय. फुकट."

मनीषा लॅपटॉपमध्ये बघत राहिली. मी माझी बॅग घेतली आणि निघाले.

सोमवारी ती डबा घेऊन आली. "तू लई मनावर घेतलंस गं. थोडंच राहिलं होतं. शिकून घ्यायचं अन् सोडून द्यायचं."

"दार तू ओढलंस," मी म्हणाले.

"एसी चालू होता गं," ती म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. तेच मला सोसलं नाही. तिला खरंच फक्त एसी आठवत होता. मला बाहेर ठेवून दार लावलं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन मी पोटभर रडले.

पुढं नव्या मशीनचं मॅन्युअल मनीषाकडं गेलं. माझ्याकडं मशीनवर चिकटवायचे स्टिकर आले. महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमना संधी दिली होती. त्यांनी अर्ध्यात सोडलं. या लाइनीत स्किल अपडेट ठेवावं लागतं."

मी उभी राहिले. म्हणाले, "मी सोडलं नाही. मला गॅलरीत बसवलं होतं. दार लावून."

कुणी वर बघितलं नाही. एचआरच्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "लेखी द्या. साक्षीला कोण होतं तेही लिहा."

संध्याकाळी गेटवर मनीषानं मला गाठलं, माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "माझं नाव नको घालू. मी काय केलं? मी तर तुझ्याच बाजूनं हाय."

"मग तसं सांग एचआरला."

तिनं मान खाली घातली. माझा हात अजून तिच्या हातात होता. मी तो सोडवून घेतला. हे करताना मला जितकं दुखलं तितकं त्या फरशीवरच्या चहानंही दुखलं नव्हतं.

घरी येऊन तक्रार लिहिली. काय घडलं ते क्रमानं. साहेबांचं नाव घातलं. मनीषाचंही घातलं, आडनावासकट. शेवटी मागणी लिहिली: ट्रेनिंग ऑफिसात, कामाच्या वेळेत, सगळ्यांबरोबर एका टेबलाला. उपकार नकोत. नोकरी गेली तर जाईल. ही तक्रार मी मागं घेणार नाही.