घशातली नळी आणि दोन टिचक्या

बाबांच्या पोटातली गाठ काढायची होती. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं बाबांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते मी नीट केलं नाही. ऑपरेशन मोठं आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. मी बाबांना म्हटलं, "लहानसंच आहे."

आदल्या दिवशी दुपारी बाबांनी आयसीयूच्या काचेतून एक पेशंट पाहिला. डोळे उघडे, घशात नळी, बोलता येत नव्हतं. ते परत आले आणि थैलीत कपडे भरू लागले. "मले मुकं होऊन जगायचं नाही. घरी जातो. सालेकशाची गाडी किती वाजता हाय?"

तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टर आल्या. थैलीकडे न बघता स्टूल ओढून बसल्या. "काका, उद्या काय होणार ते तुम्हीच मला सांगा."

"लहान ऑपरेशन. पोरीनं सांगतलं."

सिस्टरनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मग कागदावर पोट काढलं, चीर कुठून कुठपर्यंत ते दाखवलं आणि एक कोरी नळी बाबांच्या हातात दिली. "शुद्धीवर याल तेव्हा ही घशात असेल. निघेपर्यंत बोलता येणार नाही. निघाली की आवाज परत."

बाबांनी नळी वाकवून पाहिली. "दुखते?"

"खुपते. खोटं नाही सांगत."

"मंग मी बरा हावो हे घरच्याईले कसं समजन?"

"ते तुम्हीच ठरवा. बोटं हलतील."

मोहफुलं वेचताना आई झाडांआड दिसेनाशी झाली की बाबा डब्यावर दोन टिचक्या मारतात. मी इथंच आहे, एवढाच अर्थ. त्यांनी खाटेच्या दांडीवर तशाच दोन मारल्या.

सिस्टरनी सगळं बाबांकडून परत वदवून घेतलं. उठल्यावर लगेच पाणी पिईन, असं बाबा म्हणाले, तेव्हा त्यांनी न कंटाळता पुन्हा सांगितलं. "पाणी मिळणार नाही. राग आला तर माझ्यावर काढा."

"काढीन," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काऊन वं, तुले एवढं सांगता नाही आलं?"

त्यांनी थैली खाटेखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई आणि मी आयसीयूच्या काचेबाहेर उभ्या होतो. बाबांच्या उशाशी कागद चिकटवलेला होता, अक्षर त्याच सिस्टरचं: 'दोन टिचक्या म्हणजे ठीक.' बाबांनी डोळे उघडले. आम्हाला ऐकू काही आलं नाही, पण बोट दांडीवर दोनदा पडलेलं दिसलं.

आईनं काचेवर दोनदा वाजवलं.