भुंडा हात

चुलतबहिणीच्या लग्नात मी माझ्या आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फोडल्या. तेही वडील दहा पावलांवर मांडवात धडधाकट बसलेले असताना. आमच्याकडे बांगडी चुकून फुटली तरी 'वाढली' म्हणतात, त्यामुळे आमच्या गावात, अंथुर्ण्यात, ही गोष्ट अजून कुणी विसरलेलं नाही. मीही विसरायला तयार नाही. माझं काहीएक चुकलं नव्हतं.

आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा आम्ही तिला बारामतीला डायलिसिसला न्यायचो. मानेत घातलेल्या नळीतून रक्त बाहेर काढायचे, मशीनमध्ये स्वच्छ करून परत आत सोडायचे. ती नळी फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून लग्नाच्या दीड महिना आधी डॉक्टरांनी तिच्या डाव्या मनगटात एक रोहिणी आणि एक नीला एकमेकींना जोडल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. 'रोहिणी व नीला यांतील फरक स्पष्ट करा' हा तक्ता मी इतक्या वर्गांकडून घोकून घेतलाय की झोपेतही म्हणेन. रोहिणी हृदयाकडून रक्त नेते, तिची भिंत जाड, दाब जास्त. नीला हृदयाकडे रक्त आणते, भिंत पातळ, दाब कमी, आत झडपा. पण हे जोडकाम माझ्याआधी वडिलांना कळलं. "म्हंजी हिरीवरल्या मोटारीची लाइन पाटात सोडली," ते म्हणाले. डॉक्टर हसून हो म्हणाले. जोराचं रक्त आलं की नीला फुगते, तिची भिंत जाड होते आणि दोनेक महिन्यांनी तिच्यात सुई टोचता येते. तोवर हाताला जपायचं. त्या हातावर ब्लडप्रेशर मोजायचं नाही, ओझं उचलायचं नाही, घट्ट काही घालायचं नाही. दाबला गेला तर रक्त आत गोठतं आणि सगळं मुसळ केरात.

जोडलेल्या जागी बोट ठेवलं की आत घरघर जाणवायची, म्हणजे रक्त नीट वाहतंय. ती रोज सकाळी जाणवते का, हे बघायचं काम वडिलांनी स्वतःकडे घेतलं होतं.

थोरल्या चुलतीला, म्हणजे नवरीच्या आईला, मी हे सगळं तीन वेळा सांगितलं होतं. दोनदा फोनवर, एकदा समोर बसवून. तिनं प्रत्येक वेळी "व्हय व्हय" केलं. पालथ्या घड्यावर पाणी!

लग्नाच्या आदल्या दिवशी बांगड्या भरायला इंदापूरहून बांगडीवाल्या चाची आल्या. आईच्या गोळ्या गाडीत राहिल्या होत्या, त्या आणायला मी बाहेर गेले. परत येऊन बघते तर आईच्या डाव्या मनगटात डझनभर हिरव्या बांगड्या रुतलेल्या.

"कुणी घातल्या ह्या?"

"मी घालाय लावल्या," चुलती म्हणाली. "लग्नघरात सवाशीण बाई आन् हात भुंडा? लोकं काय म्हंत्याल?"

चाचींचा चेहरा उतरला होता. "मी म्हनत हुते, बाईंचा हात आतनं थरथरतुय, ऱ्हाऊ द्या. पर कुनी ऐकंना."

आयुष्यभर बायकांचे हात हातात घेतलेल्या चाचींना जे दोन मिनिटांत कळलं, ते माझ्या घरच्या बायकांना दीड महिन्यात कळलं नव्हतं. नवऱ्याच्या आयुष्यासाठी म्हणे बांगड्या! आणि ज्या हातावर तिचं स्वतःचं आयुष्य टांगलेलं, तोच हात आवळायचा. आई खाली मान घालून बसली होती. "ऱ्हाऊ दे गं, दोन दिसांचा तर परश्न हाय," ती म्हणाली. मला सगळ्यांत जास्त राग तिचाच आला.

मी हातावर बोट ठेवलं. घरघर जाणवेना.

बांगड्या काढायला गेले तर अंगठ्यापाशी अडकायला लागल्या. चाचींनी रुमालाची घडी बांगड्यांखाली सरकवली, आणि मी एकेक बांगडी चिमटीत धरून मोडली. बायका किंचाळल्या. चुलती मांडवाकडे धावली. "भावजी, तुमच्या जित्तेपनी पोरीनं हिच्या बांगड्या फोडल्या!"

वडील आले. काचांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आईजवळ मांडी घातली, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मोटार सुरू केल्यावर पाणी येईपर्यंत पाइपाला हात लावून थांबतात, तसे थांबले.

"वाजतीय," ते म्हणाले. "बारीक हाय, पर वाजतीय."

लगेच गाडी काढून आम्ही बारामती गाठली. हात वाचला, असं डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं. पण घरातून निघण्याआधी वडिलांनी चुलतीला जवळ बोलावलं. "वैनी, माझ्या आयुष्याचं ऱ्हाऊ द्या. हितं बोट ठिवा."

तिनं भीत भीत बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. मग आईच्या तोंडाकडं बघितलं.

"दुखतं का गं?"

दीड महिन्यात आईच्या हाताबद्दल तिनं विचारलेला तो पहिला प्रश्न होता. आणि कुणीही काहीही विचारलं तरी "ऱ्हाऊ दे" म्हणणारी माझी आई पहिल्यांदाच वर बघून म्हणाली, "व्हय. लई दुखतं."