न हलणारं छप्पर

माझे धाकटे दीर सरकारी कचेरीत उपग्रहाची चित्रं बघत. कुठला डोंगर सरकतोय, कुठली नदी पात्र बदलतेय, हे खुर्चीत बसून सांगायचं. काम मोलाचं, पण भावोजींचा आव असा की उपग्रह जणू त्यांनीच वर टांगलाय. घरात आम्ही त्यांना ‘दुर्बीण’ म्हणत असू. त्यांना ते कौतुक वाटे.

टेकडीच्या उतारावर त्यांनी घर बांधलं, तेही चित्रं बघून. पुढे कचेरीने त्यांना त्याच टेकडीची पाहणी सोपवली. त्यात रडारची जुनी-नवी चित्रं ताडून जमीन किती वरखाली झाली ते काढतात. आधी एक न हलणारी जागा ठरवायची, मग बाकी सगळं तिच्या तुलनेत मोजायचं. शहाणा माणूस उघडा कातळ शोधतो. भावोजींनी स्वतःच्या घराचं छप्पर धरलं. पत्रा रडारला लख्ख दिसतो, हे कागदावरचं कारण. खरं कारण हे की आपण निवडलेली जागा हलेल, हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

निष्कर्ष निघाला: बाजार, शाळा, रस्ता, सगळा परिसर वर उचलला जातोय. तसा अहवालही त्यांनी धाडला.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. जाऊबाई म्हणाल्या, “अहो, स्वयंपाकघराचं दार पुन्हा अडकायला लागलंय.”

“लाकूड फुगलंय. रंधा मारून घे.”

“मारून झाला. आता वर बोट जाईल एवढी फट पडलीये.”

“मला जमिनीचं शिकवू नकोस.”

“सगळं गाव वर निघालंय आणि तुम्ही तेवढे जागच्या जागी?” मी म्हटलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, नुसता टोमणा मारला होता.

“वहिनी, हे शास्त्र आहे,” असं म्हणून त्यांनी भात वाढून घेतला.

जाऊबाई ताक आणायला आत गेल्या आणि फोन वाजला. कचेरीतल्या नव्या वरिष्ठ बाई होत्या, वयाने भावोजींच्या लेकीएवढ्या. अहवालाची स्तुती मलाही ऐकू यावी म्हणून भावोजींनी फोनचा आवाज मोठा केला.

“सर, मी खाणीचा कातळ स्थिर धरून पुन्हा मोजलं. टेकडी जागेवर आहे. एक घर आणि त्याखालचा उतार, तेवढंच खाली चाललंय. अलीकडे तर फार वेगाने. घरात आत्ता कोण आहे?”

“बायको,” भावोजी म्हणाले. शेजारी मी बसले होते, पण ते असो.

आतून जाऊबाई दार ओढत होत्या. ते जाम झालं होतं. भावोजींनी खांदा लावून ते उघडलं. स्वयंपाकघराला त्यांचा हातभार लागल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही बाहेर पडलो. पुढच्या मोठ्या पावसात घर उतारासकट खाली गेलं.

तेव्हापासून दोघं माझ्याकडे राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला भावोजी सांगतात, “रडारवर आधीच पकडलं आम्ही. कुणाला साधं खरचटलंही नाही.”

“रंध्याचंही सांगा,” जाऊबाई म्हणतात.

काल चहा पिताना भावोजींनी माझ्या भिंतीवर थाप मारली. “वहिनी, हे घर मात्र तसूभर हलायचं नाही.”

जाऊबाईंनी कप खाली ठेवला, उठल्या आणि घरातलं प्रत्येक दार उघडून-मिटून बघून आल्या.