आईनं कुटलेली चटणी

मैत्रिणींनो, आज सकाळी आईनं कुटलेल्या शेंगदाणा चटणीची बरणी उघडली आणि खवट वास आला.

आई चटणीच्या बाबतीत लय कडक. भाजलेले दाणे पुरते गार झाल्याशिवाय कुटायचे न्हाईत. ओला चमचा घातला म्हणून मी लग्नानंतरबी बोलणी खाल्लीत. दर आठवड्याला बरणी हुंगून तीच सांगायची, चटणी अजून किती दिवस टिकंल.

"आई, ही खवट झाली."

तिनं बरणी नाकाला लावली. "कुठं? चांगली तर हाय."

पुन्हा हुंगली. मग बरणी माझ्या नाकापुढं धरली.

"मलाच सर्दी झालीय," मी म्हणले.

आता दुपार झाली. बरणीजवळच बसून हाय ती. तिला कळू न देता ही चटणी कुठं टाकू?