वन्सं झोपतील ती जागा

अगं, अशी जवळ येऊन बस. लांबून ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. परवा तुझ्या आईकडून कळलं, तुम्ही दोघांनी जागा बघितली म्हणे, आणि बघितली कुठे तर कागदावर. नवऱ्याने नकाशा पुढे सरकवला, तू मान डोलावलीस आणि बयाणा देऊन मोकळे झालात. त्या मातीला पाय तरी लावलास का? नाही ना? मग आता गुपचूप ऐक. आमच्या वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, त्यांचे यजमान. त्यांना आम्ही सगळे जावईबापू म्हणतो. त्यांच्याइतका चक्रम माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात झाला नाही असं माझं मत आहे, आणि अख्खा जिल्हा मी पाहिलेला नाही हेही मला ठाऊक आहे. बायकोला झोपवून जमीन विकत घेणारा माणूस तू ऐकलायस कधी? मी तो या डोळ्यांनी पाहिलाय आणि माझे डोळे अजून पुरते मिटलेले नाहीत.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला औषधांच्या कारखान्याचं धुराडं नुकतं उभं राहत होतं, आणि तिथून चिंचवड स्टेशनापर्यंत बाभळी, घायपात आणि दगड याशिवाय काही नव्हतं. जावईबापू खडकीला एका कारखान्यात कारकून होते. बिऱ्हाड चिंचवड गावात, एका खोलीचं, भाड्याचं. लग्नाला वर्ष झालं नाही तोच त्यांच्या मनाने घेतलं की आपण दोघांनी मिळून जागा घ्यायची. दोन खोल्या आपल्याला बांधायच्या, चार भाड्याने द्यायच्या, त्या भाड्यातून दुसरा तुकडा घ्यायचा. दोघांनी मिळून, हे शब्द त्यांचेच. सासूबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "दोघांनी म्हणजे? ती काय कारकून आहे?" आमच्या घरात तोवर जमीन पुरुषांनी घेतलेली आणि पुरुषांनीच घालवलेली. बायकांना ती गेल्यावर कळायची.

दर रविवारी हे दोघे निघायचे. सायकलच्या हँडलला सतरंजीची वळकटी, दांडीला बांधलेली छत्री, आणि मागे कॅरिअरवर नऊवारी नेसलेल्या वन्सं, मांडीवर पंपाचा स्टोव्ह घेऊन. मी तळेगावहून त्यांच्याकडे गेले होते तेव्हा पहिल्यांदा ही वरात भर पेठेतून जाताना पाहिली. माझ्या हातातली भाजीची पिशवी खाली पडली आणि वांगी गटाराकडे निघाली, तरी मला उचलायचं सुचेना. त्या दिवसांत नवऱ्याच्या बरोबरीने बाई चालली तरी लोक ओट्यावर येऊन बघायचे, आणि हे मात्र लोकांना हात हलवून रामराम करत चाललेले.

जागेवर पोचलं की जावईबापू सातबारा मागायचे नाहीत, भाव विचारायचे नाहीत. बाभळीच्या सावलीत सतरंजी अंथरायचे, छत्री उघडून उशाशी रोवायचे आणि वन्संना म्हणायचे, "पडा जरा." मग स्वतः स्टोव्ह पेटवून चहाला आधण ठेवायचे. चहा होईपर्यंत वन्संना झोप लागली तर जागा चांगली. नाही लागली तर चहा प्यायचा, मालकालाही पाजायचा आणि पुढचं गाव. मालकाशी बोलणं या काळात कुजबुजत. समोरचा शेतकरीही घाबरून कुजबुजायचा, आणि भाव बोटांवर दाखवायचा. एकाने तर मला नंतर विचारलं, "ह्या बाईंच्या अंगात येतं का वो?"

मी एकदा न राहवून जावईबापूंना विचारलं, हे काय खूळ? ते स्टोव्हला पिन करत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, माझी आई भाड्याच्या खोल्यांत म्हातारी झाली. जिन्यावर घरमालकाची काठी वाजली की ती उठून बसायची. दुपारी पाठ टेकलेली मी तिला कधी पाहिली नाही. भाड्याच्या घरात माणूस आडवा होतो, झोपत नाही. आपल्या जागेत झोप यायला हवी." मी पिनेचा डबा पुढे केला.

चाकणला मात्र या झोपेने घात केला. कांद्याचं शेत, कडेला विहीर, जागा बरी होती. वन्सं आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि हललेच नाहीत. जावईबापूंचा चेहरा उजळला. तेवढ्यात शेतकऱ्याची बायको भाकरी घेऊन आली. तिने पाहिलं, परकी बाई बांधावर निपचित पडलीय आणि दोन बाप्ये बोटं दाखवत कुजबुजतायत. तिने हंबरडाच फोडला, मुठीने कांदा फोडला आणि वन्संच्या नाकाला लावला. वन्सं शिंकत उठल्या. "आता काय उपयोग," जावईबापू म्हणाले, "झोप मोडली." सतरंजी गुंडाळली आणि निघाले. ती जागा गेली ती गेलीच.

अशा बारा जागा झाल्या. सतरंजीला भोकं पडली. आणि तेवढ्यात घरमालकाने सांगितलं, पुतण्याचं लग्न आहे, दसऱ्याच्या आत खोली रिकामी करा. वन्संना तेव्हा पाचवा महिना. जावईबापूंनी तेरावी जागा काढली, स्टेशनापलीकडचं टेकाड, आणि त्यासाठी वन्संच्या पाटल्या मोडायच्या ठरल्या. पाटल्या म्हणजे आमच्या सासूबाईंनी स्वतःच्या हातातल्या उतरवून दिलेल्या. दुसरं सोनं म्हणावं असं त्यांच्या अंगावर काही नव्हतं. सासूबाईंनी मला गाडीत बसवलं आणि बजावलं, "पाटल्या घेऊन परत ये. त्या वेड्याला सांग, बाळंतपणाला इकडे आण आणि खोली शोध."

मी निदान सायकलचा बेत मोडून काढला आणि टांगा करायला लावला. टेकाडावर पोचलो. गवताची काडी नाही. नुसता मुरूम आणि दगड. मालक म्हातारा शेतकरी, त्यालाच लाज वाटत होती. म्हणाला, "बाई, हितं मी शेळ्याबी सोडत न्हाई." मी मनात म्हटलं, सुटलो, इथे कोण झोपणार. पाटल्या वाचल्या.

जावईबापूंनी सतरंजी अंथरली. वन्संनी कुशीवर होऊन, एका हाताने पोट सांभाळत, त्या दगडांवर अंग टाकलं आणि डोळे मिटले. आधण उकळलं. वन्सं हलल्या नाहीत. चहा गाळून झाला. वन्सं हलल्या नाहीत. म्हातारा कुजबुजला, "झोपल्या जनू?" जावईबापूंनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते.

आणि मी मात्र हादरले होते, कारण वन्सं झोपल्या नव्हत्या. लग्नापर्यंत सहा वर्षं त्यांचं अंथरूण माझ्या शेजारी होतं. वन्सं झोपल्या की अशा घोरतात की भिंतीवरची पाल जागा बदलते. टेकाडावर तर वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. एक शब्द बोलले असते तर पाटल्या माझ्या पिशवीत आल्या असत्या. सासूबाईंनी मला त्यासाठीच पाठवलं होतं. पण वन्संनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. मी कपातला गार चहा एका घोटात संपवला आणि गप्प बसले.

परत येताना जावईबापू म्हाताऱ्याबरोबर पुढे निघाले, तेव्हा मी वन्संना टांग्यात धरलं. "हे काय केलंत?"

"मला दुपारची झोप येतच नाही, वहिनी. उभ्या जन्मात आली नाही."

"मग चाकणला?"

"ती जागा मला पसंत होती. त्या बाईने कांदा आणला नसता तर."

"आणि हे दगड?"

"दगडच आहेत म्हणून आपल्याला परवडतात. इथून स्टेशन दिसतं, धुराडंही दिसतं. चार वर्षांत त्या कारखान्यातले लोक खोल्या शोधत इकडेच येणार. खोल्या बांधायला पाया दगडावरच बरा. चाकणला मी विहिरीला भुलले, पण शेत घेऊन काय आम्ही नांगर धरणार?"

मी थक्क. चाकण सोडून अकरा जागा जावईबापूंनी नाकारल्या असं आम्ही सगळे समजत होतो, आणि नाकारत होत्या ह्या, डोळे उघडे ठेवून. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, पाटल्या गेल्या. त्या पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

दसऱ्याला टेकाडावर पत्र्याची एक खोली उभी राहिली आणि माझ्या भाच्याचा जन्म तिथलाच. पुढे खरंच कारखान्यातले लोक आले, एका खोलीच्या चार आणि चाराच्या आठ झाल्या. जावईबापूंची भाडेकरूंना अट एकच, आणि ती स्वतःसाठीही: एक ते चार कुणी कुणाचं दार वाजवायचं नाही. भाडं द्यायचं असलं तरी नाही.

मला बिचाऱ्या जावईबापूंची कीव यायची. बायकोने इतकं मोठं नाटक केलं आणि ह्यांना पत्ता नाही. पुरुष आधी झोपतात, बायको घोरते हे त्यांना कसं कळणार, असं मी धरून चालले. गेल्या वर्षी मी हसत हसत त्यांना ते सांगून टाकलं. ते मुळीच दचकले नाहीत. दचकले ती मीच.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्यांचं घोरणं शेजारच्या बिऱ्हाडालासुद्धा पाठ होतं. मला पहिल्या जागेपासून माहीत होतं. चाकणचं सोडलं तेही नाटक उघडं पडू नये म्हणून."

"मग सरळ विचारायचं तरी, कुठली जागा हवी."

"विचारलं असतं तर काय म्हणाल्या असत्या? तुम्हाला पटेल ते."

अगं, मीही माझ्या नवऱ्याला जन्मभर तेच उत्तर दिलं. आणि मला कुणी सतरंजी अंथरून दिली नाही.

आता वन्संना खरीच झोप लागते. दुपारी, सकाळी, बोलता बोलतासुद्धा. माणसं फारशी ओळखत नाहीत, पण घोरणं तेच आहे. जावईबापू उशाशी बसून असतात. चहा उकळून काळा होतो, तरी उठवत नाहीत. म्हणतात, जागा चांगली आहे.

तू तो बयाणा दिलास तो दिलास. पण पुढचं खरेदीखत करायच्या आधी नवऱ्याला घेऊन तळेगावला ये, या आठवड्यातच ये. आपण तिघं चिंचवडला जाऊ. दुपारी पोचलो तर दार वाजवायचं नाही, ओट्यावर बसून राहायचं. आत त्या घोरत असतील.